दहा बेचाळीसची नोंद

१

संस्कृती कल्याण बडे, वय एकवीस, ही बाई सोमवारी, ८ डिसेंबरला सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी शेवगाव तालुक्यातल्या बोरखळीच्या आरोग्य उपकेंद्रात होती. आठवा महिना, रक्तदाब १२०/८०, प्रकृती नॉर्मल. असं सरकारी अ‍ॅप सांगत होतं.

त्याच वेळी ती राहाता तालुक्यातल्या एका फडात उसाच्या मोळ्या बांधत होती. असं तिच्या टोळीतली बावीस माणसं सांगत होती. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर नव्वद किलोमीटरच्या वर.

आणि गुरुवारी, ११ तारखेला, तिला झटके आले. मोठ्या दवाखान्यात न्यायला टेम्पो निघाला, पण वाटेतच ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

मी डॉ. राधाकृष्ण दहातोंडे, तालुका आरोग्य अधिकारी. गावोगावचे डॉक्टर, नर्सा आणि त्यांनी भरलेले आकडे यांच्यावर नजर ठेवणं हे माझं काम. रोगी तपासायचं मी कधीच सोडलंय. आता मी फक्त तपासणाऱ्यांना तपासतो. उंटावरून शेळ्या हाकतो म्हणा हवं तर, पण हाकतो नीट, असं मला तरी वाटत होतं.

अ‍ॅपमधल्या त्या नोंदीचा फोटो कुणीतरी मोबाईलवर फिरवला. एका आमदारांनी अधिवेशनात प्रश्न टाकला. मंगळवारी सकाळी मला नगरहून, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, साहेबांचा फोन आला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अहवाल हवा. नव्वद किलोमीटरवरून बाई तपासणारी नर्स कोण ते लिहा आणि मोकळे व्हा.

फोन ठेवतो तोच नर्सच्या निलंबनाचा मसुदा मेलवर आला. सुकन्या गर्जे, आरोग्य सेविका, बोरखळी. टाईप करून तयार, फक्त माझ्या शिफारशीची सही बाकी. चौकशी व्हायच्या आधीच निकाल हातात पडल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला मात्र उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. तो सोमवार मला चांगला आठवत होता. सकाळी अकराला माझी मासिक आढावा बैठक होती, भिंतीवरच्या पडद्यावर सगळा तालुका हिरवागार, म्हणजे बिनधोक, दिसत होता, आणि मी डॉक्टरांचं कौतुक करून त्यांना पेढे वाटले होते.

ती बाई त्याच हिरव्यातली एक होती.

२

बोरखळी दिवाळीनंतर गाव राहत नाही. दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री. बाकी सगळे कोयते घेऊन उसाला गेलेले असतात. उपकेंद्र मात्र उघडं होतं.

सुकन्या गर्जे तिशीतली, सडपातळ, सरळ उभी राहणारी. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "साहेब, मी तिला तपासलंय."

"कुठं?"

ती टेबलावरचे कागद नीट लावायला लागली.

"बाई इथं आली होती?"

ती कागदच लावत राहिली.

मी मोबाईल तिच्यासमोर धरला. "हे बघा. १२०/८०. हे तुमचंच ना?"

तिनं आकडा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिलाय. हा तसा नव्हता. तिनं मोबाईल हातात घेऊन परत वाचलं. "हे... हे कुणी लिहिलं?"

"मीच तुम्हाला विचारतोय."

"माझं रजिस्टर सापडू द्या, मग बोलते. शुक्रवारपासून सापडत नाही. त्याच्याशिवाय माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

गरोदर बायकांचं रजिस्टर म्हणजे नर्सचा जीव. हिचं नेमकं तेच हरवलेलं. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, आणि किल्ली दाराच्या चौकटीवर, म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक असलेल्या जागी. मी कपाट उघडायला लावलं. रजिस्टरच्या जागी स्टीलचे सहा डबे होते, घासून पुसून पालथे घातलेले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तशी प्रत्येकावर नावं कोरलेली. एकावर होतं: कल्याण आसराजी बडे. मेलेल्या बाईचा नवरा.

माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. निदान मला तो प्रकाश वाटला. लोक डबाभर तूप, तीळ आणून देतात आणि बाई घरबसल्या नोंदी भरतात!

"हे कसले डबे?"

"रिकामे आहेत, साहेब," सुकन्या म्हणाली, आणि तिनं बाकीचे पाच डबे परत नीट लावून ठेवले.

तो डबा घेऊन मी बड्यांच्या घरी गेलो. कल्याण आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता, कुणाशी बोलत नव्हता. त्याची आई रंगुबाई ओट्यावर बसली होती. डबा बघताच तिनं तो माझ्या हातातून घेतला, झाकण काढून आत बघितलं आणि छातीशी धरला.

"सोमवारी आनायचा ऱ्हायला," ती म्हणाली. "गुडघा धरला हुता, उपकेंद्रात जानं झालं न्हाई."

"रंगुबाई, सून दिवाळीनंतर इकडं आली होती का? खरं सांगा."

"न्हाई. येकदाबी न्हाई. पर दर सोमवारी तिची खबर येत हुती."

"फोन करायची?"

डब्याचं झाकण परत लावत ती म्हणाली, "करत आसंल." मग एकदम तिनं माझी बाही धरली. "सायेब, मला दुसरं काय नगं. माझ्या पोरीला कुनी बघितलं हुतं का कुनीच न्हाई, येवढं सांगा. लोकं म्हनत्यात, नुसतं कागदावं बघितलं. तसं आसंल तर त्या नर्सबाईला मी... न्हाई, ती तशी न्हाई. मला तर काय कळंनाच."

मलाही कळत नव्हतं. नर्स म्हणते तपासलं, सासू म्हणते आलीच नाही, आणि नर्सनं खोटं लिहिलं म्हणावं तर तिला स्वतःचाच आकडा माहीत नाही.

३

बोरखळी ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येतं ते हिवरखेडीला. तिथले डॉ. ओंकार कराळे यांच्याकडे दोन केंद्रांचा कारभार. एक डॉक्टर, दोन खुर्च्या. दुसऱ्या जागेवर दोन वर्षं माणूस नाही. मी गेलो तेव्हा बाहेर पन्नासेक रोगी होते आणि आत हा पोरगेला डॉक्टर उभ्यानंच चहा पीत होता.

"सर, माझं डोकंच चालत नाहीये," तो म्हणाला. "त्या दिवशी मला मेसेज आला होता."

"कसला?"

"धोक्याचा. एखाद्या बाईची नोंद लाल झाली की डॉक्टरला मेसेज येतो. मग आम्ही तिला फोन करायचा, स्वतः बघायचं किंवा जवळच्या दवाखान्यात कळवायचं, तेव्हा ती लाल नोंद बंद होते. सोमवारी माझ्या मोबाईलवर तसा मेसेज होता. संस्कृती बडे. उघडून बघतो तर नोंद हिरवी. १२०/८०. मला वाटलं मीच चुकीचं वाचलं, नाहीतर अ‍ॅप बिघडलं."

"मेसेज किती वाजता आला?"

"दहा बेचाळीसला."

"आणि उघडला कधी?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तीन वाजता."

"चार तास काय करत होतात?" माझा आवाज चढला.

"तुमच्या बैठकीत होतो, सर. तुम्ही दारात मोबाईल जमा करून घेता."

मी विषय बदलला. मेसेज मोबाईलवर अजून होता. त्यानं दाखवला. म्हणजे नोंद मुळात लाल होती, आणि दहा बेचाळीस ते तीन यांच्या मधे कधीतरी हिरवी झाली. पण मग लाल करणारं कोण आणि हिरवं करणारं कोण? आणि जी बाई इथं नव्हतीच तिचा रक्तदाब वाढलेला आहे हे तरी कुणाला कसं कळलं?

बाहेर केंद्राचा शिपाई गोरक्षनाथ गाडीपाशी उभा होता. मी सहज विचारलं, "काय हो, शुक्रवारी बोरखळीला कोण गेलं होतं इथून?"

"मीच गेल्तो की. आपल्या कॉम्प्युटरवाल्या पंकजाताईंना मोटारसायकलवर सोडाया. माहिती जुळवायची म्हनल्या. नर्सबाई तवा मयतीच्या घरी हुत्या. ह्या धाच मिंटात बाहीर आल्या." तो थांबला. "रडल्यावानी दिसत हुत्या. म्या काय इचारलं न्हाई."

मी आत बघितलं. पंकजा ढाकणेचं टेबल रिकामं होतं. ती बुधवारपर्यंत रजेवर होती.

४

डब्यांनी माझा पिच्छा सोडला नाही. रंगुबाईनं तो डबा उघडून बघितला होता. जो देतो तो परत आलेल्या रिकाम्या डब्यात काय बघेल? पण जो पाठवतो तो बघतो, की पोरीनं खाल्लं का. डबे नर्सला द्यायचे नव्हतेच. ते नर्सच्या हातून कुठंतरी जात होते आणि रिकामे होऊन सोमवारी परत येत होते. खबरही सोमवारी येत होती. सोमवारच्या आधी रविवार असतो, आणि रविवारी नर्सला सुट्टी असते. हे कळायला मला एक अख्खी रात्र लागली, ते सोडा.

बुधवारी सकाळी मी राहाता तालुक्यात, ऊसतोड टोळ्यांच्या तळावर गेलो. पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, बैल, चुलीचा धूर. संस्कृतीच्या शेजारच्या कोपीत बनुबाई नावाची बाई राहत होती. हात पदराला पुसत ती बाहेर आली आणि माझ्या गाडीवरची पाटी बघून बिचकली.

"सुकन्या सिस्टर इकडं येतात का?" मी विचारलं.

"कोन सिस्टर? आमाला न्हाई ठावं."

"बनुबाई, त्यांची नोकरी जायची वेळ आली आहे."

तिनं इकडंतिकडं बघितलं. मग खाली बसली आणि घडाघडा बोलायला लागली. "दर आयतवारी येत्यात. येष्टीनं. गावाकडचे डबे आनत्यात, तळावरच्या समद्या टोळ्यांतल्या पोटुशी बायका बघत्यात. येकतीस हावोत आमी. कुनाला सांगू नगा म्हनल्यात, गाव सोडून आलेलं कळलं तर नोकरी जाईल आन आयतवार बंद पडंल. सायेब, इथल्या दवाखान्याच्या यादीत आमी न्हाई, आन गावाच्या यादीत हावोत तर गावात न्हाई. आमाला बगनारं दुसरं कोन हाय?"

"आणि संस्कृती?"

बनुबाई आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून चौघडी घातलेला कागद घेऊन आली. सुकन्याचं अक्षर. रविवार, ७ डिसेंबर. रक्तदाब १६०/११०, पायांवर सूज, ताबडतोब दाखल करा.

मी डॉक्टर आहे. आठव्या महिन्यात हा आकडा म्हणजे झटके येणार याची आगाऊ सूचना. त्या दिवशी तिला नुसतं दाखल केलं असतं तरी दोन जीव वाचले असते, बहुतेक.

"मग दाखल का नाही केलं?"

"सोमवारी कामावनं सुटी गावली न्हाई, मंगळवारी आमी दोघी चालत गेलो की जवळच्या सरकारी दवाखान्यात! तितं येकच नर्सबाई, रांग ही येवढी. म्हनल्या, डाक्टर दुसऱ्या गावाला, बीपीच्या मशीनचे सेल संपल्यात. मग त्यांनी कॉम्प्युटरात हिचं नाव काढलं. म्हनल्या, ह्यो कागद रविवारचा हाय, सोमवारी परत तपासनी झालीया आन समदं नॉर्मल हाय. कशाला भ्याताय? गोळ्या दिल्या. आमी माघारी आलो." तिनं डोळे पुसले. "संस्कृती मला वाटंत म्हनली, बनाक्का, सोमवारी मला कुनी तपासलं गं? मी म्हनलं, कॉम्प्युटर काय खोटं बोलंल व्हय?"

दुसरी तपासणी झालीच नव्हती. रविवारी केलेली तपासणी सुकन्यानं सोमवारी कळवली, म्हणून तारीख सोमवारची पडली आणि जागा बोरखळीची. पण कळवला असणार तो १६०/११०. तिथून १२०/८० कुणी केला, त्याच्या हाती संस्कृतीचा जीव होता. शेवगावला परत येईपर्यंत मी त्या माणसाला मनात दहा वेळा फाशी दिली.

५

गुरुवारी सकाळी पंकजा ढाकणे माझ्या कार्यालयात स्वतःहून आली. कंत्राटी कर्मचारी, सत्तावीस वर्षांची, दर सहा महिन्यांनी माझ्या शेऱ्यावर जिची मुदत वाढते अशी. तिनं पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. मी पान उघडलं. लाल शाईत १६०/११०.

"जाळणार होते," ती म्हणाली. "पण त्यात सगळ्या बायकांची नावं आहेत, साहेब. हात झाला नाही."

"बसा. मी सांगतो, चुकलं तर थांबवा. बोरखळीत इंटरनेट चालत नाही, म्हणून सुकन्या आकडे तुम्हाला फोनवर सांगते आणि तुम्ही हिवरखेडीला भरता. सोमवारी दहा बेचाळीसला तुम्ही १६०/११० भरलात. नोंद लाल झाली, डॉक्टरला मेसेज गेला. नंतर तुम्ही ती बदललीत. नोंद बदलायचा पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही."

"हो."

"कधी बदललीत?"

"लगेच. दहा पंचावन्नला."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. ते तर तेव्हा तुमच्याकडे निघून आले होते."

"मग कुणी सांगितलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर टपरीवाला कुणाला तरी हाका मारत होता. तिच्या बघण्याचा अर्थ कळायला मला फार वेळ लागला नाही, आणि तरी मी मूर्खासारखं परत विचारलं, "कुणी सांगितलं, पंकजा?"

"तुम्ही, साहेब."

मी म्हणालो, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

"सप्टेंबरच्या बैठकीत तुम्ही हिवरखेडीच्या लाल रकान्यांवरून कराळे सरांना सगळ्यांसमोर उभं केलं होतं. म्हणालात, पुढच्या वेळी पडद्यावर मला लाल दिसता कामा नये, दिसलं तर कंत्राटी लोकांच्या शेऱ्यात मी ते लिहीन. लाल बंद करायला डॉक्टरनं बाई बघावी लागते, आणि डॉक्टर एकच. मग आम्ही कॉम्प्युटरवाल्यांनी एक पद्धत बसवली. बैठकीपुरतं हिरवं करायचं आणि बैठक संपली की परत लाल करायचं, म्हणजे सरांना पुन्हा मेसेज जातो आणि ते बघतात. सगळ्याच केंद्रांवर करतात, साहेब. तीन महिन्यांत तालुक्यात एकही धोक्याची बाई नाही, याचं तुम्हाला नवल कसं वाटलं नाही?"

नवल? मी पेढे वाटले होते.

"मग त्या सोमवारी परत लाल का नाही केलंत?" मी विचारलं.

"करणारच होते. दुपारी तुमच्याच कार्यालयातून फोन आला, कुत्रा चावलेल्यांची माहिती तासाभरात पाठवा म्हणून. ती भरता भरता पाच वाजले आणि मी घरी गेले. विसरले." ती रडायला लागली. "विसरले मी, साहेब. गुरुवारी बातमी कळली तेव्हा आठवलं."

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार होतो? तीन दिवस मी एका बाईला दोन ठिकाणी शोधत होतो, नर्सला चोर ठरवत होतो, डॉक्टरवर ओरडत होतो. आणि चोर सापडला तो माझ्याच खुर्चीत.

६

अहवाल मी हातानं लिहिला. सुकन्या गर्जे यांनी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या खर्चानं, जे काम सरकारनं लावून द्यायला हवं होतं ते केलं. त्यांचं निदान बरोबर होतं. नोंद पंकजा ढाकणे यांनी बदलली. बदलायला भाग पाडलं ते तालुका आरोग्य अधिकारी डॉ. राधाकृष्ण दहातोंडे यांनी. पुढं रिकाम्या जागा, एका डॉक्टरकडे दिलेली दोन केंद्रं, संपलेले सेल, आणि उसाला गेलेल्या बायका कुठल्याच यादीत नसणं, हे सगळं लिहिलं.

नगरच्या साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं. "दहातोंडे, तेवढं एक वाक्य काढा. तांत्रिक चूक म्हणा. निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत तुमची. एक कंत्राटी बाई गेली तर काय बिघडतं?"

मी म्हणालो, "साहेब, निलंबनाच्या मसुद्यात नाव बदलून माझं घाला आणि पाठवून द्या." हे धाडस नव्हतं. मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. मग सही करायचा अधिकार आहे तोवर एक आदेश काढला: बोरखळीच्या सेविकेनं दर रविवारी तळावर जावं, कामावर समजून, बदली सुट्टी देऊन. सुकन्यानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "तुम्ही गेल्यावर पण चालेल ना हा?" मला माहीत नव्हतं. तसंच तिला सांगितलं.

शुक्रवारी दुपारी अहवालाची प्रत घेऊन मी बोरखळीला गेलो. रंगुबाई ओट्यावरच होती. कल्याण उठून दारात येऊन बसला. मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतंत. तिला बघितलं होतं. नीट बघितलं होतं."

"मंग मेली कशी?"

मी अहवाल वाचायला लागलो. सरकारी भाषा तिला कळेना. ती म्हणाली, बोलून सांगा. मग मी सांगितलं, रविवारपासून गुरुवारपर्यंत, एकेक दिवस. पडदा, बैठक, पेढे, काही लपवलं नाही. कल्याण खाली मान घालून ऐकत होता. शेजारच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या येऊन उभ्या राहिल्या.

सगळं झाल्यावर रंगुबाई म्हणाली, "म्हंजी नर्सबाईंचा कागद खरा हुता."

"हो."

"आन माझी पोर त्यो कागद घिऊन दवाखान्याच्या दारात गेली."

"हो."

"आन तुमी तिला माघारी धाडलं."

मी त्या मंगळवारी शेवगावात होतो. तो दवाखाना माझ्या तालुक्यातला नाही. संस्कृतीला मी कधी डोळ्यांनी बघितलंही नव्हतं. हे सगळं अगदी तोंडात आलं. सव्वीस वर्षं मी असंच काहीतरी बोलत आलो होतो आणि ते दर वेळी खरंही असायचं.

"व्हय," मी म्हणालो. "मीच धाडलं."